टोकियो स्टेशनवर रामेन कुठं खावं? आई माळकरी, बाबा मटणवाले, हातात तीन तास

तिसरा_गेट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढायलोय कारण मदत पायजे.

नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन जपानला जायलोय. धाकटी बहीण नागोयाला नोकरीला आहे तिच्याकडं. मुंबईहून नारिता विमानतळ, तिथनं नारिता एक्सप्रेसनं टोकियो स्टेशन आणि टोकियोहून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, नागोया. बहीण म्हणाली दोन गाड्यांच्या मधे चांगले तीन तास ठेव, आईचे गुडघे दुखतात, पळापळ नको. तर हे तीन तास टोकियो स्टेशनातच काढायचेत. आणि बाबांनी आतापासून जाहीर केलंय की जपानात गेल्यावर पहिला घास रामेनचा, म्हणजे त्यांच्या रश्श्यातल्या नूडल्सचा. रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघत बसतात.

अडचण अशी की आई माळकरी. माझ्या जन्माआधीपासून गळ्यात माळ आहे, अंडंसुद्धा चालत नाही. बाबांना आठवड्यातनं एकदा तरी मटण लागतं. घरात दोघांचं बरोबर जमलंय, बाबांचं पातेलं वेगळं, चूल मागच्या दारी. पण परदेशात एकाला एका हॉटेलात आणि एकाला दुसरीकडं बसवायचं माझ्या जिवावर आलंय. दोघं पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत.

तर टोकियो स्टेशनात किंवा अगदी लागून, बॅगा ओढत दहा-पंधरा मिनिटात पोचता येईल असं चांगलं रामेन कुठं मिळतं? आईला त्यातलं काही चालेल का, का तिला इथनंच दशम्या आणि शेंगाचटणी बांधून न्यायची?

शहापूरचा_कुंदा
दशम्या तर बांधाच, कुठं का जाईनात. आणि बहिणीला एक किलो कुंदा. त्याशिवाय धागा पुढं जाऊ देणार नाही आम्ही.

खडेबाजार
काय एवढं टेन्शन घ्यायलायस गा. वरचे मटणाचे तुकडे उचलून बाबांच्या वाटीत टाकायचे, नूडल्स आईला. झालं की.

यायेसूवाली
खडेबाजार, कृपा करून असलं कुणाला सांगू नका. मी मूळची वडगावची, टोकियोत सहा वर्षं काढलीत, त्यामुळं हे जरा सविस्तर लिहिते.

रामेनचा जीव वरच्या तुकड्यात नाही, रश्श्यात आहे. तोनकोत्सु म्हणून जो पांढरा दाट प्रकार असतो तो डुकराची हाडं तासन् तास खळखळ उकळून करतात. शोयु म्हणजे सोया सॉसचं आणि शिओ म्हणजे मिठाचं, ही दिसायला पातळ आणि निवळ असतात म्हणून आपल्या लोकांना वाटतं साधं असेल, पण त्यातही कोंबडीची किंवा डुकराची हाडं, वर सुकवलेल्या माशांचा अर्क. साप्पोरोचं मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं रामेन, बहुतेक ठिकाणी तेच. म्हणजे वाटीत फक्त भाज्या आणि मक्याचे दाणे दिसले तरी माळकऱ्याला ते चालणारं नाही.

आणि तिथं जाऊन नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. बऱ्याच जपानी माणसांच्या डोक्यात मासळीचं दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, हे मांस नव्हेच, ते आपल्या फोडणीसारखं, असतंच. मुद्दाम फसवत नाहीत हो ते, त्यांना खरंच तसं वाटतं. म्हणून हे वाक्य कागदावर लिहून न्या आणि दाखवा: निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशी मो दामे देस. मांस आणि मासे खात नाही, त्यांचा अर्कही नको.

पण काळजी करू नका, टोकियो स्टेशन हे माळकऱ्याला रामेन खायला बरं ठिकाण आहे. रात्री बसून नीट लिहिते, आता ऑफिसात आहे.

खडेबाजार
बरं बाबा चुकलं. मला हाडाचं माहीत नव्हतं, मी आपला मॅगी धरून चाललो होतो.

निपाणीकर_काका
हाडं उकळून पांढरा रस्सा म्हणजे आमचाच की तो! आमच्याकडं मटणाची अळणी काढून त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ घालून पांढरा करतात. ह्यांचा पांढरेपणा कशानं येतो?

यायेसूवाली
काका, तिथं दूध-नारळ काही नाही. मोठ्या आचेवर हाडं सतत उकळत ठेवली की मज्जा आणि चरबी पाण्यात अशी मिसळते की वेगळी होतच नाही, म्हणून दुधासारखा रंग. मंद आचेवर ठेवलं तर तीच हाडं निवळ रस्सा देतात. दक्षिण जपानातल्या हाकाताकडचं हे रामेन खाताना मला पहिल्यांदा निपाणी-कोल्हापूरच आठवलं होतं. नूडल्स बारीक असतात, संपल्या आणि रस्सा उरला की 'काएदामा' म्हणायचं, नुसत्या नूडल्स आणून टाकतात. आपल्याकडं रस्सा परत मागतात, तिथं उलटं.

निपाणीकर_काका
रस्सा राखून ठेवायचा आणि भाकरी परत मागायची, ही तर जुनी पद्धत आहे आमची. पटलं आपल्याला जपान.

चिकोडी_एक्सप्रेस
यायेसूवाली ताईंचं अक्षर न् अक्षर खरं आहे, माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. आम्ही जैन. कंपनीच्या कामाला ओसाकाला गेलो होतो, एका दुकानात फोटोत कोबी, मका, बांबूचे कोंब एवढंच दिसलं, वेटरला 'व्हेजिटेबल?' विचारलं, तो हसून हो म्हणाला. अर्धी वाटी संपल्यावर बरोबरच्या जपानी माणसानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की रस्सा डुकराच्या हाडाचा आहे. त्या रात्री मला झोप नाही. घरी आईला दोन वर्षं सांगितलं नव्हतं. कुणावर राग नाही, पण तिसरा_गेट, तुमच्या आईवर अशी वेळ येऊ देऊ नका. त्यांना शंभर टक्के खात्री असेल तरच बसवा, नाहीतर दशमीच बरी.

मलप्रभा
वाचूनच कसंतरी झालं हो दादा.

मला एक विचारायचंय, ह्या रामेनच्या नूडल्स पिवळ्या आणि चिवट कशा असतात? अंडं असतं का? आम्ही खानापुरात शेवया करतो त्या गव्हाच्याच, पण रश्श्यात टाकल्या की पाच मिनिटात लगदा.

यायेसूवाली
मलप्रभा वैनी, फार चांगला प्रश्न. काही ठिकाणी अंडं घालतात, पण पिवळा रंग येतो तो कान्सुईनं. म्हणजे खाराचं पाणी, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. खार पडला की मैद्याचा चिवटपणा वाढतो, रंग पिवळसर होतो आणि गरम रश्श्यातही नूडल्स लवकर मऊ पडत नाहीत. उदोन नावाचं त्यांचं जे जाड पांढरं असतं त्यात हा खार नसतो, म्हणून ते पांढरं आणि मऊ.

मलप्रभा
अगं बाई, म्हणजे पापडखारच की! उडदाच्या पापडाला आम्ही तेच करतो, खार कमी पडला तर लाटी तुटते आणि जास्त झाला तर पापड लाल पडतो आणि जिभेला लागतो. एवढ्या लांबच्या लोकांना पण तेच सुचलं.

लोंढा_जंक्शन
खार चीनकडनं जपानात गेला, रामेनच तिकडनं गेलेलं. टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० साली राईराईकेन म्हणून दुकान निघालं, स्वयंपाकी चिनी आणि गिऱ्हाईक जपानी, तिथनं ते साध्या माणसाचं खाणं झालं असं धरतात. पाकिटातलं झटपट रामेन १९५८ चं, मोमोफुकु आंदोचं. आणि कपातलं १९७१ चं.

पण मी लिहायला आलोय ते गाडीबद्दल, कारण सगळे खाण्यावर बोलायलेत आणि स्टेशन कुणी बघेना. नारिता एक्सप्रेस टोकियो स्टेशनला जमिनीखाली पाचव्या मजल्यावर येते, मारुनोउची बाजूला. मारुनोउची म्हणजे पश्चिम, तिकडं ती लाल विटांची १९१४ ची इमारत. तात्सुनो किंगो नावाच्या आर्किटेक्टची. १९४५ च्या बाँबहल्ल्यात तिचे घुमट जळाले होते, २०१२ ला परत होते तसे उभे केले. आईबाबांना ते घुमट आतनं मान वर करून जरूर दाखवा. शिंकान्सेन मात्र पूर्वेला, यायेसू बाजूला. म्हणजे तुम्हाला अख्खं स्टेशन आडवं ओलांडायचंय. लिफ्ट आहेत, पण शोधत जाण्यात वेळ जातो, आईंचे गुडघे धरून पंधरा-वीस मिनिटं पकडा.

दुसरं, बॅगा. लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग असेल तर तोकाइदो शिंकान्सेनला मोठ्या सामानाची वेगळी सीट आधी बुक करावी लागते, डब्याच्या शेवटच्या ओळीतली. २०२० पासनं हा नियम आहे. बहिणीला सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नारिता एक्सप्रेसमधनं उतरल्यावर तुम्ही गेटच्या आत असता. पुढचं कागदी तिकीट हातात असेल तर बाहेर न पडता आतल्या आत शिंकान्सेनच्या गेटपर्यंत जाता येतं. आता खायचं दुकान आत आहे का बाहेर, ह्यावर तुमचे तीन तास ठरणार.

अनगोळ_९०
भावा तू रेल्वेत आहेस काय?

लोंढा_जंक्शन
नाही, पण घर रुळाला लागून. लहानपणी गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या, ते वेड गेलं नाही.

यायेसूवाली
लोंढा_जंक्शन, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. आता ऐका तिसरा_गेट दादा, आत आणि बाहेर दोन्ही सांगते.

बाहेर: यायेसू बाजूला तळमजल्याच्या खाली 'टोकियो रामेन स्ट्रीट' आहे. एका बोळात आठ दुकानं, सगळी रामेनची. दुकानं अधूनमधून बदलतात. तिथलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे रोकुरिन्शा. तिथं त्सुकेमेन मिळतं, म्हणजे जाड नूडल्स वेगळ्या वाटीत आणि रस्सा वेगळ्या वाटीत, बुडवून बुडवून खायचं. रस्सा दाट, हाडांचा आणि वर सुक्या माशाची पूड. कोकणातल्या सुकटीचा वास आवडणाऱ्याला स्वर्ग. बाबांना हे आवडणार, लिहून घ्या. रांग मोठी असते, जेवणाच्या वेळेला गेलात तर एक तास कुठं गेला कळणार नाही. शेवटी उरलेला रस्सा पिण्याइतका पातळ करायला गरम दाशी घालून देतात, त्याला 'सूप-वारी' म्हणतात.

आत: केइयो स्ट्रीट म्हणून भाग आहे, यायेसू साउथच्या बाजूला, केइयो लाइनकडं जाताना. तिथं टीज तानतान. पूर्ण दुकान व्हीगन. मांस, मासे, अंडं, दूध काही नाही. तीळ आणि शेंगदाणे वाटून केलेला दाट रस्सा, तिखट असतो, वर सोयाचा खिमा. पांढऱ्या तिळाचं, काळ्या तिळाचं, असे प्रकार. भांडीकुंडी, पळ्या, सगळं एकाच तऱ्हेचं, त्यामुळं शंकाच नाही. मी स्वतः सगळं खाते, तरी महिन्यातनं एकदा तिथं जायची. 'शाकाहारी आहे म्हणून चालवून घ्या' असलं खाणं नव्हे ते.

म्हणून माझं मत, आईंना टीज तानतानला न्या.

शहापूरचा_कुंदा
म्हणजे आईची पंढरपूरची वारी आणि बाबांची सूप-वारी. जमलं की!

निपाणीकर_काका
कुंदा, ह्या एका ओळीसाठी तुला माझ्याकडनं चहा.

पुण्याहून_बेळगावकर
मी थोडं वेगळं सुचवतो. रामेन स्ट्रीटवरच सोरानोइरो म्हणून दुकान आहे, मी तिथं २०१९ ला खाल्लंय. त्यांच्याकडे नेहमीचं मांसाहारी रामेन आणि व्हीगन रामेन दोन्ही होती. म्हणजे बाबा आणि आई एकाच टेबलावर, प्रत्येकाला आपापलं. तुमचा मूळ प्रश्न एकत्र बसवण्याचा होता ना? मग हे जास्त बरोबर बसतं. आणि स्टेशनमधून बाहेर पडल्यावर जरा मोकळी हवा, आपण जपानमध्ये आलो असं वाटतं. नुसतं गेटच्या आत तीन तास म्हणजे काय.

चिकोडी_एक्सप्रेस
पण तिथं पातेली एकाच स्वयंपाकघरात. नूडल्स उकळायचं पाणी एकच असेल तर? जो माळ घालतो त्याला हा प्रश्न पडणारच, आणि पडला की घास उतरत नाही.

पुण्याहून_बेळगावकर
बाहेरदेशी इतकं बघून चालत नाही हो. वाटीत नाही ना, मग झालं.

मलप्रभा
दादा, ज्याचं त्याला ठरवू द्या. माझी सासू माळकरी होती, लग्नकार्यात पंगत वेगळी मांडली तरी वाढप्याच्या हाताला वास येतोय म्हणून दहीभात घेऊन उठायची. त्यात कुणाचा अपमान नव्हता. तिचं व्रत होतं, तिनं ते मरेस्तोवर पाळलं. मुलानं आईला 'चालवून घे' म्हणू नये एवढंच मला वाटतं.

पुण्याहून_बेळगावकर
वैनी, मान्य. माझ्या लिहिण्यात घाई झाली. आईंनाच विचारा हे बरं.

कॅम्पातला
धाग्यात घुसतोय, सॉरी. मी मांस खातो पण डुक्कर नको. मला कुठं?

यायेसूवाली
कॅम्पातला, शिंजुकुला पश्चिमेला इचिरानची एक शाखा डुक्कर न वापरता रामेन करते. पण हलाल ही वेगळी गोष्ट, ते तिथं विचारून घ्या. शिंजुकु स्टेशनला मात्र दोनशेच्या वर दरवाजे आहेत, पश्चिमेचाच धरून बाहेर पडा नाहीतर दुकान राहील बाजूला आणि तुम्ही फिरत बसाल.

अनगोळ_९०
दोनशे दरवाजे?? आमच्या गल्लीत एवढी घरं नाहीत.

लोंढा_जंक्शन
जगातलं सगळ्यात जास्त वर्दळीचं स्टेशन आहे ते, दिवसाला लाखो माणसं. गिनीजमधे नोंद आहे. तिसरा_गेट, तुम्ही मात्र त्या फंदात पडू नका. कुणी कितीही भारी दुकान सांगितलं तरी बॅगा आणि आईबाबा घेऊन मधेच शिंजुकु करू नका.

शहापूरचा_कुंदा
पैसे किती लागतील हो? आणि मशीनमधनं तिकीट काढावं लागतं म्हणतात ते खरं काय?

यायेसूवाली
एक वाटी साधारण हजार ते तेराशे येन. त्यांच्याकडं हजार येनच्या वर गेलं की गिऱ्हाईक कुरकुरतं, त्याला 'हजार येनची भिंत' असा शब्दच आहे. बऱ्याच दुकानात दारातच मशीन असतं, पैसे टाका, फोटोचं बटण दाबा, चिठ्ठी येते ती आत द्या. २०२४ च्या जुलैत नव्या नोटा आल्यावर कित्येक छोट्या दुकानांची जुनी मशीनं त्या घेईनाशी झाली होती, म्हणून थोडी चिल्लर जवळ असू दे. टीप देऊ नका, मागं पळत येऊन परत देतात.

अजून एक, भुरके मारून खायचं. आवाज केला तर चालतं, उलट नूडल्स गरम गरम खायच्या तर भुरक्याशिवाय तोंड भाजतं.

निपाणीकर_काका
हे आधी सांगायचं ना ताई! आयुष्यभर बायकोनं आमटीचा भुरका मारू दिला नाही, पासपोर्ट काढायला टाकतो आता.

तिसरा_गेट
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री सगळा धागा आईबाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. चिकोडी दादांचा अनुभव ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'त्या पोराला सांग, न कळत झालं त्याचा दोष लागत नसतो.' तेवढं तुम्हाला कळवायला सांगितलंय.

सोरानोइरोचं विचारलं. ती म्हणाली पळी एकच असली तर मला नको, पण तुम्ही खा, मी शेजारी बसते. बाबा लगेच म्हणाले तू शेजारी नुसती बसणार असशील तर मला पण नको. म्हणून ठरलं, जाताना आतलं टीज तानतान, तिघंही तेच खाणार. बाबांचं हाडाचं रामेन परतीच्या दिवशी. बाहेर पडायचंच नाही, लोंढा_जंक्शननी सांगितलं तसं.

चिकोडी_एक्सप्रेस
आईंना माझा नमस्कार सांगा. खरंच बरं वाटलं.

एक सांगून ठेवतो, व्हीगन म्हणजे कांदा-लसूण नाही असं नव्हे. चातुर्मासात सोडत असतील तर तारीख बघा.

तिसरा_गेट
कार्तिकी एकादशी झाल्यावरच निघतोय. आईनं तिकीट काढायच्या आधी पंचांग बघितलं होतं.

अनगोळ_९०
महिना झाला. कुणी आलं का परत?

तिसरा_गेट
आलो आलो. परवाच पोचलो, अजून रात्री दोन वाजता जाग येतीय. सगळं लिहितो.

नारिता एक्सप्रेसमधनं उतरलो, एस्केलेटर बघून आई थबकली, एवढा लांब सरकता जिना तिनं कधी बघितला नव्हता. लिफ्ट शोधली, बॅगा आतल्या लॉकरमधे टाकल्या, तिघंच हात हलवत निघालो. गर्दी म्हणजे अनंत चतुर्दशीची, पण कुणी कुणाला धक्का देत नाही, आवाज नाही, नुसती पावलं वाजतात. बाबांनी आईचा हात धरला होता. बेळगावात कधी धरलेला मी तरी बघितलेला नाही.

टीज तानतानला वीस मिनिटं रांग. आत जागा अरुंद, खुर्च्या लागून लागून. मी तरी तो कागद दाखवला, त्या मुलीनं वाचला आणि दोन्ही हात हलवून सांगितलं, इथं काहीच नसतं, निश्चिंत खा. आईनं पांढऱ्या तिळाचं-शेंगदाण्याचं घेतलं, बाबांनी काळ्या तिळाचं. पहिला घोट घेऊन आई म्हणाली, 'अरे हे तर शेंगाचटणीत पाणी घालून उकळल्यासारखं लागतंय, पण चांगलं केलंय.' बाबांच्या वाटीतला काळा रस्सा चाखून म्हणाली कारळ्याच्या चटणीची आठवण येतीय. बाबांनी भुरका मारला, सवयीनं आईकडं बघितलं, ती काही बोलली नाही आणि थोड्या वेळानं तिनंच एक मारला. आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं. मी फोटो काढायचा विसरलो.

दशम्या तशाच राहिल्या, शिंकान्सेनमधे खाल्ल्या. फुजी दिसला, उजवीकडच्या खिडकीतनं, अर्धाच, वर ढग होते.

परतीला बाबांना एकट्यालाच रोकुरिन्शाला नेलं. आई स्टेशनातच बहिणीबरोबर बसली. सकाळी लवकर गेलो म्हणून रांग कमी होती. बाबांनी वाटी संपवली, सूप-वारी मागून घेतली, सगळा रस्सा प्यायले. चांगलं होतं म्हणाले. मग बाहेर आल्यावर म्हणाले, 'पण ते पहिलं बरं होतं, तिघांनी खाल्लं ते.' यायेसूवाली ताई, तुमच्या दुकानाला कमी लेखत नाही हां, त्यांना जे वाटलं ते लिहिलं.

यायेसूवाली
दादा, कमी कसलं. ऑफिसात बसून वाचतेय आणि डोळ्यात पाणी आलंय. माझे आईबाबा येतील तेव्हा मी पण असंच करणार.

खडेबाजार
मी पहिल्यांदा तुकडे काढून टाक म्हणालो होतो ते आठवून आता वाईट वाटायलंय. तुझ्या आईला माझा पण नमस्कार.

लोंढा_जंक्शन
घुमट बघितले काय?

तिसरा_गेट
बघितले. परतीला. बाबांनी मान वर करून इतका वेळ बघितलं की एक जपानी म्हातारा थांबून तोसुद्धा बघायला लागला.

आता नवीन काम लागलंय. आईनं ठरवलंय की हे घरी करायचं. तीळ भाजून पाट्यावर वाटले, शेंगदाणे वाटले, बहिणीनं दिलेलं कोंबु (समुद्री शेवाळ) आणि वाळलेले शिताके (अळंबी) उकळून पाणी काढलं, बरीच चव जमली. नूडल्स शेवयाच्या मशीनवर काढल्या. त्या मात्र रश्श्यात पडल्या आणि विरघळल्या. मलप्रभा वैनी, आई विचारतीय, खार किती घालायचा?

मलप्रभा
पाव किलो मैद्याला अर्धा चहाचा चमचा पापडखार, सपाट, शीग नको. आधी अर्धी वाटी गार पाण्यात पूर्ण विरघळवायचा, मग त्याच पाण्यानं पीठ घट्ट भिजवायचं, पुरीपेक्षा घट्ट. कोरडं वाटलं तरी पाणी वाढवू नका, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा म्हणजे आपोआप जुळतं. मशीनवर काढल्या की सुट्या करून पीठ भुरभुरा. आणि उकळायचं पाणी वेगळं ठेवा, रश्श्यात शिजवू नका, निथळून मग रश्श्यात घाला. रविवारी करून कशा झाल्या ते आईंना कळवायला सांगा, मी पण रविवारीच घालतेय.